आरोळीच्या बादल्या

गोठलेल्या तळ्याच्या बर्फावर त्या दुपारी होतं ते असं: ओंडके वाहायचे दोन ट्रेलर शेजारी-शेजारी लावून केलेलं एक स्टेज, माणसापेक्षा उंच असे सहा स्पीकर, दोन जनरेटर, चोवीस मायक्रोफोन, तीनशे बारा माणसं आणि एक कुत्रा. बर्फाची जाडी सव्वीस इंच. तापमान शून्याखाली एकोणतीस. चोवीसपैकी वीस मायक्रोफोन वाद्यांवर आणि गायकावर रोखलेले होते, उरलेले चार प्रेक्षकांवर. कुत्रा कार्यक्रमात दोनदा भुंकला. प्रेक्षकांवर रोखलेल्या चार मायक्रोफोनांनी टिपलेला सगळ्यांत मोठा आवाज तोच.

ध्वनिमुद्रण करणाऱ्या मारेन टॉलेफ्सरुडला हे कळलं दुसऱ्या दिवशी सकाळी. कार्यक्रम चालू असताना ती स्टेजमागच्या व्हॅनमध्ये बसून वाद्यांच्या काट्यांवर डोळा ठेवून होती. प्रेक्षकांचे मायक्रोफोन तिने नुसते चालू करून सोडून दिले होते. हेवी मेटलच्या कार्यक्रमाला आलेला माणूस ओरडणार नाही तर काय करणार? आता हार्डवेअरच्या दुकानावरच्या आपल्या खोलीत हेडफोन लावून ती ते चार ट्रॅक पुन्हा पुन्हा ऐकत होती. पहिलं गाणं संपतं. ड्रमचा शेवटचा ठोका बर्फावरून तळ्याच्या पलीकडच्या काठाला जाऊन परत येतो. मग लांब कुठेतरी कुणी गादी झटकत असावं तसा थप्प-थप्प आवाज. त्या टाळ्या होत्या. तीनशे बारा माणसं लोकरीचं अस्तर लावलेले जाड चामडी हातमोजे घालून टाळ्या वाजवत होती. त्यानंतर थर्मासचं झाकण फिरवल्याचा आवाज. मग एक पुरुष म्हणतो, "वाईट नाही." आणि जरा विचार करून एक बाई म्हणते, "नाही. वाईट नाही म्हणायचं."

कार्यक्रमाआधी मारेननेच माइकवरून सांगितलं होतं, की आज थेट ध्वनिमुद्रण आहे, तर कुणी अवघडून राहू नका, एरवी असता तसेच राहा. नॉर्डवेल गावच्या लोकांनी तिचं म्हणणं तंतोतंत पाळलं. शेवटच्या गाण्यानंतर तर चारही मायक्रोफोनांवर गाड्या निघाल्याचाच आवाज होता, आणि त्या एवढा वेळ निघत होत्या कारण बर्फावरून काठावर चढायची वाट एकच आहे, आणि प्रत्येक जण काच खाली करून दुसऱ्याला म्हणत होता, "आधी तुम्ही."

मारेन स्वतः याच गावची. 'वाईट नाही' ही इथली सर्वोच्च पदवी आहे हे तिला ठाऊक होतं. तिच्या हायस्कूलच्या मुख्याध्यापकांनी ती सबंध कारकिर्दीत एकदाच दिली होती, तीही एका पुलाला. पण हा अल्बम नॉर्डवेलपुरता नव्हता.

बँडचं नाव 'ब्लॅक ऑगर'. बर्फाला भोक पाडायच्या गिरमिटाला तिकडे ऑगर म्हणतात आणि तो प्रत्येकाच्या घरी असतो. बँडचा गायक व्हर्लिन स्कॉग्मो, वय अठ्ठावन्न. सोमवार ते शुक्रवार तो शाळेची बस चालवायचा आणि शनिवारी बर्फाखाली अडकलेल्या प्रेतांविषयी गायचा. मारेन नऊ वर्षं त्याच्या बसमधून शाळेत गेली होती. तोच आवाज "खाली बसा रे" म्हणून ओरडला की मागच्या बाकावरची पोरं गपगार व्हायची. त्या आवाजाच्या मुळाशी आता एक गाठ निघाली होती. तळ्यावरचा कार्यक्रम शनिवारी झाला आणि सोमवारी डुलूथच्या इस्पितळात शस्त्रक्रिया. सर्जनने आधीच सांगितलं होतं, की काही महिन्यांनी बोलता येईल, गाण्याचं मात्र विसरा. म्हणजे कार्यक्रम पुन्हा करता येणार नव्हता. जे काही होतं ते चोवीस ट्रॅकांवर होतं, आणि त्यांतल्या चारांवर एक कुत्रा होता.

अल्बम काढणार होता रिक पाव्लिक. क्लीव्हलँडमध्ये त्याची मेटलच्या रेकॉर्ड काढणारी छोटीशी कंपनी होती. मारेनने पाठवलेलं ऐकून त्याने लगेच फोन केला.

"गाणी झकास आहेत," तो म्हणाला. "गायक तर असा गातोय की उद्या मरणार आहे. पण माणसं कुठायत?"

"आहेत की. तीनशे बारा."

"मेलेली?"

मारेनने त्याला हातमोज्यांचं सांगितलं. तापमान सांगितलं. त्याचा त्याच्यावर काडीचा परिणाम झाला नाही. मग त्याने तिला धंद्यातली गोष्ट समजावून सांगितली. लोक ज्याला लाइव्ह अल्बम म्हणतात, त्यातली गिटार नंतर स्टुडिओत पुन्हा वाजवलेली असते, बेसूर झालेलं गाणं पुन्हा गायलेलं असतं, ड्रम तर बहुतेक वेळा दुसऱ्याच दिवसाचे असतात. खरी असते ती एकच गोष्ट, गर्दीची आरोळी. मारेनच्या अल्बममध्ये बाकी सगळं खरं होतं आणि तेवढी आरोळीच नव्हती. हे ऐकून कुणालाही वाटेल, की चार माणसं शीतगृहात तालीम करतायत. पण घाबरायचं कारण नाही, पाव्लिक म्हणाला. त्याच्याकडे ब्राझीलमधल्या एका फुटबॉलच्या स्टेडियमची आरोळी होती, एकशे नऊ डेसिबलची, उत्तम प्रतीची. आजवर चार अल्बमांना लावली, एकाही ऐकणाऱ्याची तक्रार नाही. ती चिकटव आणि महिनाअखेरीस पाठव. नाहीतर आपला रामराम.

मारेनला ही सूचना तशी वाईट वाटली नाही. तिचं शिक्षण पदार्थविज्ञानाचं. आवाज म्हणजे हवेचा दाब, आणि ब्राझीलच्या हवेला नॉर्डवेलच्या हवेपेक्षा वेगळे नियम नाहीत. पण विचारायला हवं म्हणून ती व्हर्लिनकडे गेली. तो गळ्याला पट्टी बांधून स्वयंपाकघरात बसला होता. समोर नातवंडांची पांढरी पाटी आणि निळं पेन. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि लिहिलं: 'नको.' मग पुसून: 'ब्राझीलला मी कधी गेलोच नाही.'

मारेन म्हणाली, की आरोळीशिवाय पाव्लिक अल्बम काढणार नाही. त्यावर त्याने पाटी पुन्हा पुसली. मग अक्षर बारीक करत करत पाटीच्या कडेपर्यंत लिहीत गेला.

त्याने लिहिलं ते साधारण असं होतं. ब्लॅक ऑगरचा पहिला कार्यक्रम अग्निशमन बंबाच्या शेडमध्ये झाला तेव्हा व्हर्लिन सत्तावीस वर्षांचा होता. त्याचे वडील पामर मागे दाराशी, खिशात हात घालून उभे होते. घरी आल्यावर व्हर्लिनने विचारलं, कसं वाटलं? पामर म्हणाले, "ऐकू आलं." त्यानंतरच्या एकतीस वर्षांत एकही कार्यक्रम त्यांनी चुकवला नव्हता. दर वेळी मागे उभे राहायचे, दर वेळी खिशात हात. आणि कसं वाटलं, हे व्हर्लिनने पुन्हा कधी विचारलं नव्हतं. वडलांना नाही आणि गावालाही नाही. आता विचारायला आवाजही उरला नव्हता.

शेवटी त्याने पाटी पुसून मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'त्यांना आवडलं होतं का, तेवढं कळू दे. नसेल आवडलं तर ती शांतताच लाव.'

मारेन उठली ती गावचीच आरोळी मिळवायची असं ठरवून थेट युनिस ब्रेक्के यांच्याकडे गेली. युनिसबाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या, ल्यूथरन चर्चच्या गायकवृंदाच्या प्रमुख, आणि नॉर्डवेलच्या माणसांकडून मोठा आवाज काढून घेण्याची कला गावात त्यांच्या एकटीकडे होती. मारेनने अडचण सांगितली. युनिसबाईंना त्यात अडचण अशी दिसलीच नाही. शनिवारी तीन वाजता चर्चच्या तळघरात सगळ्यांना बोलावते, त्या म्हणाल्या. तू तुझे माइक घेऊन ये, मी कॉफीचं बघते.

शनिवारी एकशे ऐंशी माणसं आली. आठ जणींनी हॉटडिश आणल्या, म्हणजे ओव्हनमध्ये भाजलेली मांस-भाजीची भांडी; त्यांतल्या सातांवर बटाट्याच्या गोळ्यांचा थर होता. मारेनने सांगितलं, की व्हर्लिनच्या अल्बमसाठी तुम्ही आरोळी द्यायची आहे, गाणं संपल्यावर देतात तशी. लोकांनी ते मनावर घेतलं. चर्चचे खजिनदार लॉयल ह्यूसेथ यांनी हात वर करून विचारलं, की आरोळीत शब्द असतात का. असतील तर लिहून मिळतील का. मागून कुणीतरी विचारलं, की बसून द्यायची की उभं राहून. आरोळी संपली हे कसं ओळखायचं, असंही एका बाईंनी विचारलं, आणि तो प्रश्न चांगला होता.

पहिल्या खेपेला एकशे ऐंशी माणसांनी मिळून "ओ" असा आवाज केला, रस्त्यात ओळखीचा माणूस दिसल्यावर करतात तसा. एकाहत्तर डेसिबल. मारेनच्या घरचा व्हॅक्यूम क्लीनर चौऱ्याहत्तरचा होता.

"थांब," युनिसबाई म्हणाल्या, आणि त्यांनी पर्समधून स्वर द्यायची छोटी पिपाणी काढली.

पुढच्या खेपेला तळघराच्या खिडक्या थरथरल्या. अठ्ठ्याण्णव डेसिबल. फक्त ती आरोळी चार स्वरांत होती. खर्जातले पुरुष खाली, तार स्वरातल्या बायका वर, मधले दोन थर मधे, सगळं इतकं सुरात की मारेनच्या अंगावर काटा आला. आरोळी ओसरता ओसरता तर चारही थरांनी मिळून ती हलकेच 'आमेन'च्या वळणावर आणून ठेवली. तिने तिथूनच पाव्लिकला ऐकवली.

"तू काय चर्चमधून बोलतेयस?" त्याने विचारलं.

"हो," मारेन म्हणाली.

मग तिने लोकांना समजावलं, की सुरात नको. बेसूर, ओबडधोबड, ज्याला जसं येईल तसं. लोकांनी मनापासून प्रयत्न केला. मारेनच्या पडद्यावर त्यांचे स्वर विखुरलेल्या रेघांसारखे दिसायचे, आणि मग तीन सेकंदांच्या आत त्या रेघा सरकत सरकत, संध्याकाळी गाई गोठ्यात याव्यात तशा, आपापल्या जागी येऊन उभ्या राहायच्या. पाच वेळा केलं, पाचही वेळा तेच. युनिसबाई म्हणाल्या, की मी त्यांना हळू सांगू शकते, जोरात सांगू शकते, पण चूक गा असं सांगू शकत नाही. पन्नास वर्षांची मेहनत आहे. त्यांचंही बरोबर होतं. लोकांनी हॉटडिश संपवल्या, भांडी धुतली, खुर्च्यांच्या घड्या घातल्या. निघताना मारेनने प्रत्येक घराला कार्यक्रमाच्या कच्च्या ध्वनिमुद्रणाची एकेक सीडी दिली. आता द्यायला दुसरं काही नव्हतं.

माइक गुंडाळून ती बाहेर आली तेव्हा चर्चच्या आवारात गाड्या तशाच उभ्या होत्या. त्यात नवल काही नव्हतं. तिकडे इंजिन गरम होईपर्यंत कुणी गाडी हलवत नाही. मारेन केबलची गुंडाळी खांद्यावर टाकून दोन गाड्यांच्या मधून चालली होती, तेवढ्यात तिला डाव्या हाताची गाडी हलताना दिसली.

जागच्या जागी, स्प्रिंगांवर, वर-खाली. काचा बंद होत्या आणि आतून वाफ धरली होती. वाफेतल्या एका पुसलेल्या जागेतून मारेनला लॉयल ह्यूसेथ दिसले. तेच खजिनदार, ज्यांना शब्द लिहून हवे होते. डोळे मिटलेले, मान मागेपुढे हिंदकळत होती, मुठी स्टिअरिंगवर आपटत होत्या आणि तोंड इतकं उघडलेलं, की मागच्या दाढेतलं चांदीचं भरण दिसत होतं. बाहेर आवाज मात्र शून्य. आत व्हर्लिनचं गाणं लागलं असणार, कारण ह्यूसेथांची मान त्याच्याच तालावर होती. मारेनने काचेवर टकटक केलं. तोंड मिटलं. काच चार बोटं खाली आली.

"हे वाईट नाही," ह्यूसेथ म्हणाले. "मदत हवी का केबलला?"

नको म्हणून मारेन पुढे गेली. पुढच्या गाडीत शाळेची परिचारिका होती आणि तीही तशीच. त्यापुढच्या गाडीतला टपालवाला तर छतावर डोकं आपटत होता. नवरा-बायको बरोबर आलेल्या गाड्या स्तब्ध होत्या, दोघंही समोर बघत हाताची घडी घालून बसलेली. ज्या गाडीत माणूस एकटा होता ती प्रत्येक गाडी हलत होती. मारेनने सगळ्या ओळी फिरून पाहिल्या. अपवाद सापडला नाही.

तिने ते युनिसबाईंना सांगितलं. युनिसबाई जरा लाजल्या. "गाडीत काय," त्या म्हणाल्या, "गाडीत कुणी नसतं."

म्हणजे प्रयोग कसा करायचा हे उघड होतं. प्रत्येकाला एकटं गाडीत बसवायचं, काचा बंद करायच्या आणि गाणं ऐकवायचं. ऐकवण्याची सोय होतीच. मासे धरायला बर्फावर बसणाऱ्यांसाठी चर्च हिवाळ्यात तळ्यावरच प्रार्थना ठेवतं. लोक गाडीतून उतरत नाहीत, प्रवचन रेडिओवर ऐकतात, आणि त्यासाठी चर्चकडे एक छोटं प्रक्षेपण यंत्र आहे. गाडीत गाणंही ऐकू येणार आणि ओरडणंही, तर तेही चालण्यासारखं होतं; खऱ्या गर्दीच्या मायक्रोफोनमध्येही मागे गाणं असतंच. अडचण पुढची होती. गाडीत माइक ठेवला की गाडीत कुणीतरी आलं. माइक आहे हे कळलेला नॉर्डवेलचा माणूस ओरडणार नाही, आणि त्याला न सांगता माइक ठेवणं मारेनला पटत नव्हतं.

तोडगा निघाला तो तिच्या जुन्या नोकरीतून. विद्यापीठाच्या पक्षिगणनेत तिने दोन उन्हाळे तळ्यांवर राहणाऱ्या लून पक्ष्यांची साद टिपायचं काम केलं होतं. तिथले बावीस छोटे रेकॉर्डर हिवाळ्यात कपाटात पडून असत. ते तिने मागून आणले. मग गावातून आइस्क्रीमच्या रिकाम्या बादल्या गोळा केल्या, पाच लिटरच्या, पांढऱ्या, झाकणाच्या. त्या तिकडे घरोघरी ढिगाने असतात, कुणी टाकत नाही. एकशे एकतीस गाड्यांसाठी एकशे एकतीस बादल्या. प्रत्येकीच्या झाकणाला भोकं. बावीस बादल्यांत लोकरी मोज्यात घातलेला रेकॉर्डर, आणि एकशे नऊ बादल्यांत लोकरी मोज्यात घातलेला, रेकॉर्डरच्याच वजनाचा बटाटा. कुठे काय आहे हे मारेनलाही ठाऊक नसावं म्हणून बादल्या युनिसबाईंनी मांडल्या आणि मारेनने वाटल्या.

रविवारी प्रार्थना झाल्यावर तळ्यावर तिने हे सगळं माइकवरून सांगितलं. तुमच्या बादलीत बटाटा असण्याची शक्यता रेकॉर्डरपेक्षा पाचपट आहे. कोणती आरोळी कुणाची हे कधीच कुणाला कळणार नाही. बादल्या न उघडता नंतर स्टेजपाशी ठेवा. नवरा-बायकोंनी वेगवेगळ्या गाड्या आणल्या होत्या.

शेवटच्या ओळीत एक जुना खाकी रंगाचा पिकअप होता. मारेनने खिडकीतून बादली आत दिली. पामर स्कॉग्मो, वय सत्त्याऐंशी. त्यांनी ती हातात तोलून पाहिली.

"बटाटा?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही," मारेन म्हणाली, आणि ते खरं होतं.

पामरनी बादली शेजारच्या सीटवर ठेवली, तिला पट्टा लावला आणि काच वर केली.

व्हर्लिन स्टेजवर एकटा उभा होता. यावं की नाही हे त्याचं सकाळपर्यंत ठरलं नव्हतं. स्टेजवर वाद्यं नव्हती, स्पीकर नव्हते, फक्त तो आणि त्याची पाटी. मारेनने व्हॅनमधून गाणं लावलं, कार्यक्रमाचं शेवटचं, 'बर्फाखाली कोण आहे'. तिच्या कानात हेडफोन होते. बर्फावर काहीच ऐकू येत नव्हतं. वारा, इंजिनांची घरघर, आणि अधूनमधून तळ्याच्या पोटातून बर्फ तडकल्याचा लांबलेला आवाज.

पहिल्या कडव्याला काही झालं नाही. दुसऱ्याला पुढच्या ओळीतली एक गाडी हलली. मग तिच्या शेजारची. ध्रुवपद दुसऱ्यांदा आलं तेव्हा एकशे एकतीस गाड्या आपापल्या स्प्रिंगांवर उसळत होत्या, ओळीच्या ओळी, दिवे वर-खाली होत होते, एका ट्रकचा आरसा निखळून बर्फावर पडला, आणि आवाज कुठेच नव्हता. व्हर्लिन आधी नुसता बघत राहिला. मग स्टेजच्या कडेला येऊन बसला, कारण त्याचे पाय थरथरत होते. मारेनला वाटलं भावनेने; पण तिने खाली पाहिलं तर व्हॅनमधली कॉफीही थरथरत होती. शंभराहून अधिक गाड्या एकाच तालात उसळल्या की सव्वीस इंचांचा बर्फसुद्धा हलतो. हे गणित तिने आधी करायला हवं होतं. तिने मनातल्या मनात ते आता केलं, आणि गाणं संपायला थोडंच उरलं आहे याचं तिला बरं वाटलं.

व्हर्लिनने तिच्याकडे वळून शेवटच्या ओळीकडे बोट दाखवलं आणि खांदे उडवले. खाकी पिकअपच्या काचा आतून पूर्ण पांढऱ्या झाल्या होत्या. आणि सगळा बर्फच हलत असल्यामुळे पिकअप स्वतः हलतोय की हलवला जातोय, हे तिथून सांगणं शक्य नव्हतं.

गाणं संपलं. काचा खाली आल्या. लोक बादल्या घेऊन उतरले, त्या स्टेजपाशी रचल्या, व्हर्लिनला मान लववून "वाईट नव्हतं" म्हणाले, आणि "आधी तुम्ही" करत काठाकडे निघाले. सगळ्यांच्या शेवटी पिकअप आला. पामरनी काच चार बोटं खाली केली, मग एवढ्यातून बादली जाणार नाही हे लक्षात आल्यावर आणखी खाली केली, आणि बादली ढिगावर न ठेवता मुलाच्या हातात दिली. बोलले काहीच नाहीत. कदाचित बोलता येत नसेल. मारेनला ते घसा खाकरताना दिसले. काच वर झाली आणि पिकअप गेला.

त्या आठवड्यात मारेनने रेकॉर्डर एकेक करून संगणकाला जोडले. त्यातली आज्ञावली रानातल्या पशुपक्ष्यांसाठी लिहिलेली होती. प्रत्येक आवाज ऐकून ती प्राण्याचं नाव, अंतर आणि पातळी आपणहून नोंदवायची, आणि ते बंद करायची सोय नव्हती. पहिल्या रेकॉर्डरमधल्या माणसाला तिने लून ठरवलं, खात्री एकसष्ट टक्के. दुसरा लांडगा निघाला. तिसरी माजावर आलेली मूस जातीची हरिणी. पुढे आणखी सहा लून, चार लांडगे, एक बेडूक आणि बाकी सगळ्या मूस. मारेनने ते आवाज एकावर एक रचून गाण्याखाली घातले आणि काही न लिहिता पाव्लिकला पाठवले. त्याचा लगेच फोन आला.

"कुठलं स्टेडियम?" त्याने विचारलं. अल्बम निघणार होता.

हे सांगायला ती व्हर्लिनकडे गेली. तो स्वयंपाकघरात त्याच खुर्चीवर बसला होता, आणि टेबलावर, साखर-मिठाच्या डब्यांशेजारी, पांढरी बादली. झाकण अजून लावलेलंच. अल्बमची बातमी ऐकून त्याने मान हलवली आणि पाटीवर लिहिलं: 'वाईट नाही.' मग त्याचं लक्ष पुन्हा बादलीकडे गेलं.

"उघडली नाहीत?" मारेनने विचारलं.

त्याने लिहिलं: 'बटाटा असला तर?' थोड्या वेळाने खाली जोडलं: 'आणि नसला तर?'

मारेनने कोट काढला नाही. तिने आधीच बाकीच्या सगळ्या बादल्या रिकाम्या केल्या होत्या, मोजे जोडीने लावून धुवायला टाकले होते, आणि बटाटे युनिसबाईंकडे पोचवले होते.

"बटाटे एकशे नऊ होते," ती म्हणाली. "एकशे नऊ परत आलेत."

व्हर्लिनने पेन खाली ठेवलं. मग त्याने बादली पुढ्यात ओढली, झाकणाच्या कडेला अंगठा घातला, आणि आतला मोजा बाहेर काढून तिच्या हातात दिला. मारेनने आपला संगणक टेबलावर उघडला, तार जोडली. आज्ञावलीने तो आवाज एकदा ऐकला आणि तिचं चक्र फिरत राहिलं. तिने पुन्हा ऐकला. मग पडद्यावर नोंद उमटली, आणि मारेनने पडदा व्हर्लिनकडे वळवला.

प्रजाती: अनोळखी. अंतर: एक मीटरहून कमी. कालावधी: गाण्याच्या सुरुवातीपासून शेवटपर्यंत. कमाल पातळी: ११४.२ डेसिबल.